ठरलेले थेंब

पालक निवडायला बसली की तिला मध्येच कुणी हाक मारलेली खपत नसे. प्रत्येक पान ती खिडकीकडे धरून बघायची. देठ जून वाटला की बाजूला, कडेला पिवळी झाक दिसली की बाजूला, कीड लागलेलं पान तर हातातही घ्यायचं नाही. संस्थेच्या फाटकावरचा रखवालदार तिला कित्येक वर्षं जुड्या घेऊन आत जाताना बघत होता आणि त्याची पक्की समजूत होती की वरच्या मजल्यावर सगळे शास्त्रज्ञ मिळून स्वयंपाक करतात. "बाई, साहेबांना कंटाळा नाही का येत रोज पालकाचा?" असं तो विचारायचा. पूर्वी ती म्हणायची, "येतो की! पण सांगतात कुणाला?" हल्ली ती नुसती मान हलवून जिना चढायची.

साहेब म्हणजे तिचा नवरा. दोघं एकाच प्रयोगशाळेत, एकाच सरांच्या हाताखाली. ती पानं वाटून, गाळून त्यातले हिरवे पापुद्रे वेगळे काढायची आणि तो त्या पापुद्र्यांसाठी द्रावणं तयार करायचा. तिला सगळे पालकवाल्या बाई म्हणत आणि त्याला विसरोबा. हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. छत्री, चष्मा, डब्याचं झाकण, एका डोळ्याची तपासणी करून दुसऱ्याची राहिलेली. एकदा तर लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला बसस्टॉपवर उभी करून हा गृहस्थ एकटाच घरी गेला, आणि घरी पोचल्यावर ही अजून आली कशी नाही म्हणून काळजी करत बसला. ही गोष्ट तीच चारचौघांत रंगवून सांगायची. सांगताना तिला हसू आवरत नसे आणि ऐकताना त्याला.

तिचे बाबा गेल्यापासून तिने ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. घरात कामापुरतं बोलणं उरलं होतं. "दूध आणलंस?" "आणलं." "बिल भरलंस?" "भरलं." तो 'भरलं' म्हणाला तरी ती भरल्याची पावती बघायची. तो कुलूप लावून जिना उतरायला लागला की ती मागे राहून कुलपाला एक हिसडा द्यायची. गॅसची कळ, नळ, खिडकीची कडी, सगळं त्याच्या हातून झालं की पुन्हा तिच्या हातून व्हायचं. हे ती पूर्वीही करायची, पण तोंडाने बडबड करत. आता मुकाट्याने करायची. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की आमचं काही भांडण नाही, आणि ते खरंच होतं. भांडायचं तर समोरासमोर उभं राहावं लागतं, आणि तेवढंही ती दोघं राहत नव्हती.

आता हे पापुद्रे म्हणजे काय ते सांगून टाकायला हवं, कारण पुढे सगळं त्यांच्यापाशीच येऊन अडलं. पानात हिरवे कण असतात आणि त्या प्रत्येक कणात, कपाटात घड्या घालून रचलेल्या चादरींसारखे, चपट्या पिशव्यांचे थर असतात. ऊन पकडायचं काम या थरांवर चालतं. ऊन पडलं की पिशव्यांच्या आतलं पाणी आंबट होत जातं. ऊन फारच झालं तर फार आंबट होतं, थर जवळ जवळ सरकतात आणि पान स्वतःला सांभाळून घेतं. ऊन उतरलं की थर पुन्हा सैल. इथपर्यंत कुणाचंच दुमत नव्हतं. सरांना बघायचं होतं ते याच्या पुढचं. बाहेरून आम्लाचा मारा करून थर चांगले आवळले आणि मग आम्ल काढून घेतलं, तर ते पहिल्यासारखे होतात का? आंबटपणा मोजायचा तो पीएचच्या आकड्यात. आकडा जितका खाली तितका आंबटपणा जास्त. सहापर्यंत नेलेले थर परत येतात हे सरांनी दाखवून दिलं होतं. पाचपर्यंत नेलेलेही येतात असं त्यांचं म्हणणं होतं. पाचच्या खाली काय होतं यावर मात्र बोलायला सरसुद्धा धजत नसत, आणि सर एरवी कशावरही बोलायचे.

इतक्या बारीक थरांमधलं अंतर मोजायचं तर दूरच्या एका अणुभट्टीवर जावं लागे. तिथे न्यूट्रॉनच्या झोतात नमुना ठेवला की पडद्यावर रेघ उमटायची, आणि थर नीट रचलेले असले की त्या रेघेवर एक उंचवटा यायचा. उंचवटा सरकला की समजायचं, अंतर बदललं. उंचवटाच गेला की समजायचं, रचना मोडली. तिथला नंबर वर्षातून जेमतेम एकदा लागायचा आणि या वर्षीचा शेवटचा होता. वरच्या समितीने सरांना स्पष्ट कळवलं होतं: पाचवरून थर परत येतात हे दाखवा, नाहीतर प्रकल्प गुंडाळा.

प्रकल्प गुंडाळला तर तिला गावातल्याच कॉलेजात शिकवायला मिळालं असतं. त्याला दुसऱ्या शहरातल्या एका औषध कंपनीने बोलावलं होतं. एका दुपारी जेवताना, ताटाकडे बघत तो म्हणाला, "मोजणी जमली तर राहतो इथेच. नाही जमली तर जातो तिकडे."

'जातो' म्हणाला. 'जाऊ' म्हणाला नाही. ती "बरं" म्हणाली आणि ताटं उचलून मोरीकडे गेली. नळ सोडला, आणि भांडी न घासता नुसती वाहत्या पाण्याखाली हात धरून उभी राहिली. त्याने जाऊ नये असं तिला वाटत होतं. त्याच्यावरच्या सगळ्या रागासकट वाटत होतं, आणि हे त्याला सांगण्यापेक्षा जीभ हासडून टाकणं तिला सोपं गेलं असतं.

राग कशाचा, तेही सांगते. तिचे बाबा दोन गल्ल्या सोडून एकटे राहायचे. उभा जन्म छापखान्यात काढलेला माणूस. बोटांच्या कडांना शाई कायमची बसलेली, आणि जिभेवर टवाळी. लेक आम्लावर काम करते हे कळल्यापासून त्यांनी तिची पाठ सोडली नव्हती. "एवढी ॲसिडिटीवर संशोधन करतेस, तर आधी बापाच्या पोटाचं बघ! पालकाला कुठे ढेकर येतात?" ती म्हणायची, "बाबा, तुम्ही आधी तो दिवसाचा दहावा चहा सोडा." असं ते चालायचं.

गेल्या खेपेला ती अणुभट्टीवर मोजणीसाठी एकटी गेली होती. आत फोन नेऊ देत नाहीत, दारातल्या कपाटात ठेवावा लागतो. ती आत असतानाच बाबा गेले. हृदय बंद पडलं म्हणाले. शेजाऱ्यांना ते संध्याकाळी कळलं. सगळं उरकल्यावर बाबांचा फोन तिने चाळला, तर त्यांनी शेवटचा फोन जावयाला केलेला, त्याच दिवशी सकाळी.

तिने त्याला विचारलं होतं, "बाबांचा फोन आला होता तुला?"

"हो."

"मग मला का नाही कळवलंस? तिथे ऑफिसात फोन होता, निरोप दिला असता कुणीही." तो गप्प. "विसरलास," ती म्हणाली. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याने मान खाली घातली आणि तिने ती मान होकारात धरली. आयुष्यभर छत्र्या विसरणाऱ्या माणसाचं तिला कौतुक होतं. बाप विसरणाऱ्या माणसाचं काय करायचं ते तिला कळेना. तेव्हापासून ती कुलपं हिसडून बघत होती.

द्रावणांचंही तसंच होतं. अणुभट्टीच्या मोजणीला साधं पाणी चालत नाही, जड हायड्रोजनचं बनलेलं जड पाणी लागतं. आणि जड पाण्यात पीएचचा मीटर फसतो: खरा आकडा असेल त्यापेक्षा चार दशांश कमी दाखवतो. म्हणजे खरा पाच हवा असेल तर मीटरवर चार पॉइंट सहा दिसेपर्यंत आम्ल घालत जायचं. एवढी साधी गोष्ट, पण विसरोबा ती दर वेळी विसरायचा. मीटरवर पाच दिसले की खूश होऊन बाटली बंद करायचा, वर चिठ्ठी चिकटवायचा आणि शीतखोलीत ठेवून द्यायचा. पहिल्यांदा तिच्या ते लक्षात आलं तेव्हा तिने त्याला न सांगता, त्या बाटलीत बेताने आम्ल घातलं आणि मोजून पाहिलं. किती थेंबांनी बरोबर होतं ते तिच्या हाताला कळलं. पुढच्या वेळेपासून तिने मोजणंही सोडलं. मीटरची नळी बुडवली की तिच्याबरोबर साधं पाणी आत जातं आणि जड पाणी बाटतं, म्हणून एकदा मोजलेल्या बाटलीत पुन्हा नळी घालायची नाही असा त्यांच्याकडे शिरस्ताच होता. तो बाटली ठेवून गेला की ती शीतखोलीत जायची, ठरलेले थेंब घालायची, बाटली हलवायची, संपलं. सरांना नाही, त्याला नाही, कुणाला कधी कळलं नाही, असं ती धरून चालली होती.

शेवटच्या मोजणीच्या आदल्या दिवशीही ती शीतखोलीत गेली. तिथे पांढरा दिवा लावत नाहीत. उजेडाने पापुद्रे कामाला लागतात, म्हणून एक मिणमिणता हिरवा दिवा असतो. हिरव्या उजेडाचं पानांना विशेष काही वाटत नाही. माणसांचे चेहरे त्यात आजारी दिसतात. फळीवर बाटली होती आणि चिठ्ठीवर त्याच्या तिरक्या अक्षरात '५.०'. ती स्वेटरच्या बाह्या पुढे ओढून बराच वेळ बाटलीकडे बघत राहिली. राहू दे की, तिच्या मनात आलं. निस्तरू दे त्याचं त्याला. जगाला एकदा कळू दे, हा कसा काम करतो ते. मग तिला ते 'जातो' आठवलं. तिने आम्लाची बाटली उघडली आणि ठरलेले थेंब घातले. एक सांडला तो पुन्हा घातला. बाटली हलवताना तिची बोटं गारठून गेली होती, आणि तिला त्या क्षणी त्याच्याविषयी जे वाटलं ते तिला बाबा गेल्यापासून वाटलं नव्हतं.

अणुभट्टीवर त्यांना जे तंत्रज्ञ भेटले ते निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे, सगळ्यांचे काका. बर्फाची पेटी बघून म्हणाले, "या, पालक आला!" आधी साधा नमुना ठेवला. पडद्यावरची रेघ सरपटत सरपटत वर चढली आणि छान उंचवटा आला. "थर झकास आहेत," काका म्हणाले. कुणाच्याही नकळत तिने सुस्कारा सोडला. मग त्याने आणलेल्या द्रावणात पापुद्रे मिसळले आणि नमुना झोतात गेला.

उंचवटा सरकायला हवा होता. तो सरकला नाही. बसतच गेला, आणि शेवटी रेघ डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत नुसती उतरत गेली. तिघंही बघत राहिली. मग आम्लाचं द्रावण काढून सात पीएचचं, म्हणजे आंबट नसलेलं घातलं, वाट पाहिली, पुन्हा मोजलं. रेघ तशीच. पुन्हा वाट पाहिली. दुसरा नमुना घेतला, पहिल्यापासून सगळं केलं. दुसऱ्यानेही तेच दाखवलं.

"मोडलं सगळं," काका म्हणाले. "पाचला एवढं मोडू नये हो." मग दोघांकडे पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, "चहा घेऊन या तुम्ही," म्हणाले आणि खुर्ची फिरवून बसले.

बाहेर गाड्या लावायच्या जागेपाशी सिमेंटचा एक बाक होता. दोघं त्याच्या दोन टोकांना बसली. ऊन उतरत होतं. कुंपणापलीकडे कुणीतरी गाडी धूत होतं. चहाचे कागदी कप दोघांच्याही हातात तसेच राहिले.

"माझंच चुकलं," तो म्हणाला.

ती गाडी धुणाऱ्याकडे बघत होती.

"या वेळी मी ते चार दशांशाचं धरलं होतं. म्हटलं, शेवटची मोजणी आहे, निदान एकदा तरी नीट करू. मीटरवर चार पॉइंट सहा आणले आणि बाटली बंद केली. दोनदा तपासलं, शपथ. पण काहीतरी घोळ घातला असणार मी. उलटं केलं असेल, नाहीतर मीटरच नीट लावला नसेल. पहिल्यांदाच केलं ना, म्हणून." तो कपात बघून हसल्यासारखं करत म्हणाला, "विसरत होतो तेच बरं होतं."

तिच्या हातातला चहा सांडला. पातळ पिवळट डाग साडीवर पसरला आणि ती त्याकडे बघत बसली. गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. त्याने ते आपल्या अंगावर घेतलं असतं, सरांनी मान डोलावली असती, प्रयोगशाळेत सगळे म्हणाले असते, विसरोबाच तो, आणखी काय होणार! तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्याची तर तिला चांगली सवय झाली होती.

"तू बरोबर केलं होतंस," ती म्हणाली. "मी पुन्हा घातलं. थेंब घातले मी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं.

"दर वेळी घालते," ती म्हणाली. "तू विसरतोस म्हणून. तुला कधी बोलले नाही."

"ते माहितेय मला."

"काय माहितेय?"

"थेंबांचं. शीतखोलीच्या काचेतून दिसतेस की तू. पहिल्यांदा दिसलीस तेव्हा लाजच वाटली मला. मग म्हटलं, ही बोलून दाखवत नाहीये, तर आपण तरी कशाला..." तो थांबला. "खरं सांगू? बरं वाटायचं मला. कुणीतरी आपल्यामागून येऊन आपलं सावरतंय. मग मी आळस केला, शिकलोच नाही. या वेळी म्हटलं, आता ती कशाला करेल माझ्यासाठी? बोलत पण नाही आपल्याशी. म्हणून मी केलं."

गाडी धुणाऱ्याने पाणी बंद केलं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"तू मोजून नाही बघितलंस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाही. तू विसरला असशीलच, असं धरलं मी."

"हं," तो म्हणाला. आणि मग, कपाची कड नखाने सोलत, "तसंच त्या दिवशीचंही धरलंस."

"कुठल्या?"

"बाबांच्या." तो पुढे म्हणाला ते एका दमात, खूप दिवस पाठ करून ठेवल्यासारखं. "मी विसरलो नव्हतो. बाबांनी फोन केला, म्हणाले छातीत जळजळतंय, ॲसिडिटी आहे, गोळी घेतलीय. आणि म्हणाले तिला बिलकूल कळवू नकोस, ती काम टाकून येईल, वर्षातनं एकदा नंबर लागतो तिचा. हसतसुद्धा होते. म्हणाले, तिला म्हणावं, परत आलीस की बापाच्या पोटावर संशोधन कर. मी पण ॲसिडिटीच धरली गं. जाऊन बघायला हवं होतं मी. नाही गेलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बाबांचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. अगदी असंच बोलले असते ते, शब्द न् शब्द.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझ्या मोजणीसाठी त्यांनी तुला बोलावलं नाही, हे? तू पुन्हा कधी त्या खोलीत पाऊल टाकलं असतंस का?" त्याने कप बाकावर ठेवला. "आणि तू थांबली असतीस तर सांगितलंही असतं कदाचित. पण तू उत्तराला थांबली नाहीस. तूच मला सांगितलंस, विसरलास म्हणून."

दोघं तशीच बसून राहिली आणि चहा पार निवला, तेव्हा तीच उठली. "उरलेलं द्रावण आहे ना?" ती म्हणाली. "मोजू या."

काकांनी त्यांना आपल्या छोट्या प्रयोगशाळेतला मीटर दिला. जड पाणी बाटायची आता काही भीती नव्हती. नळी धुऊन, पुसून तिने बाटलीत सोडली. आकडे हलत हलत स्थिरावले.

"चार पॉइंट दोन," तिने मोठ्याने वाचलं.

"अधिक चार दशांश," तो शेजारून म्हणाला. "चार पॉइंट सहा."

म्हणजे पापुद्र्यांवर पाचला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त आम्ल पडलं होतं. त्यांचा काही दोष नव्हता. पाचवरून ते परत आले असते की नाही, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. चार पॉइंट सहावरून येत नाहीत, एवढं मात्र पडद्यावर दिसलं होतं. आता कुणाला वाटेल की या दोघांचंही तसंच झालं म्हणून मी ही गोष्ट सांगते आहे. तसं काही नाही. पापुद्र्यांना निदान कुणी किती आम्ल घातलं ते मोजता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. थेंबांसकट सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले. "म्हणजे पाचचं काही कळलंच नाही," ते म्हणाले.

"खालचं कळलं, सर. तिथून येत नाहीत."

"ते समितीला नकोय गं. तुटतं कुठे ते कुणाला ऐकायचं नसतं." मग त्यांनी चष्मा चढवला आणि प्रकल्प बंद करायच्या कामाला लागले. काचेची भांडी कुणाला द्यायची, फ्रीज कुणाला द्यायचा, अशी सगळी बोलणी त्याच आठवड्यात सुरू झाली. शीतखोलीचा हिरवा दिवा कुणीच मागितला नाही.

घरी त्या दिवसांत ती दोघं पूर्वीपेक्षा जास्त बोलत होती. बाबांविषयीसुद्धा बोलली. एका संध्याकाळी त्याने बाबांची नक्कल केली, ढेकराची, आणि ती हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की तोही हसतोय. तिला वाटलं, आत्ता म्हणावं. आणि ती म्हणाली. "नको जाऊस."

तो कपड्यांची घडी घालत होता. हातातला सदरा त्याने उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"उशीर झाला गं," तो म्हणाला. "कंपनीला हो कळवलंय मी. आणि..." त्याने सदरा बॅगेत ठेवला. "तू आता माझ्याशी फार चांगली वागशील. प्रत्येक गोष्ट विचारशील. मला ते बघवणार नाही. मीही तुझ्याकडे बघितलं की मला तो फोनच ऐकू येतो. मी दमलोय. थोडे दिवस जाऊ दे मला."

"थोडे म्हणजे किती?"

"ते आत्ता कसं सांगू?" तो म्हणाला. खोटं बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता.

गेला त्या सकाळी तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं. चार्जर घेतलास का, हे ओठावर आलेलं तिने गिळलं. चष्म्याचं घर, बँकेचं पुस्तक, गुडघ्याचं मलम, सगळं गिळलं. रिक्षा खाली येऊन थांबली. त्याने बॅगा उचलल्या, दारात वळून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरून गेला. खालचं फाटक त्याने ओढून घेतल्याचा आवाज आला. नीट लागलं की नाही ते बघायला ती गेली नाही.

मग ती घरात वळली. आधी न्हाणीघरात गेली. खुंटीवर टॉवेल नव्हता. आरशाखालच्या फळीवर दाढीचं सामान नव्हतं. दारामागे छत्री लटकत असायची ती नव्हती. पलंगाखाली वाकून बघितलं, चपला नेल्या होत्या. टेबलाचे खण उघडले, उशा उचलून बघितल्या, फ्रीजवर हात फिरवला, कारण चष्मा ठेवायची त्याची ती ठरलेली जागा होती. तिला एखादी वस्तू हवी होती, कसलीही, पेनाचं टोपणसुद्धा चाललं असतं. म्हणजे लगेच फोन लावता आला असता, पूर्वीसारखं ओरडता आलं असतं, अरे विसरोबा, रिक्षा थांबव, हे राहिलं की तुझं! फोन तिने केव्हाचा हातात धरला होता. सगळं घर पालथं घालून झालं तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली. तो काहीच विसरला नव्हता.